बोलायला शिकवणाऱ्या ऑड्रीबाई

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

रेडिओ लावून निवांत बसलेल्या सगळ्याजणींना नमस्कार, आणि भाकऱ्या थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐकणाऱ्या सगळ्याजणींनाही नमस्कार.

आज मी तुम्हाला एका बाईंची ओळख करून देणार आहे. त्या अमेरिकेतल्या. कविता लिहायच्या आणि कॉलेजात शिकवायच्या. नाव ऑड्री लॉर्ड. १९३४ साली जन्मल्या आणि १९९२ साली गेल्या. अठ्ठावन्न वर्षांचं आयुष्य. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबच्या बाईंशी आपला काय संबंध? संबंध असा, की जो प्रश्न आपल्या घरात आणि आपल्या गटाच्या बैठकीत रोज उभा राहतो, त्याच प्रश्नाला या बाई जन्मभर भिडल्या. तो प्रश्न म्हणजे, बाईनं बोलावं की गप्प बसावं?

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. ऑड्री लॉर्ड काळ्या होत्या. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून जी माणसं गुलाम म्हणून विकायला नेली, त्यांच्या वंशातल्या. अमेरिकेत गुलामी कायद्यानं १८६५ साली संपली, पण काळ्यांना कमी लेखणं काही संपलं नाही. 'काळी' हा शब्द मी हिणवायला वापरत नाही. त्या स्वतःच तो ताठ मानेनं वापरायच्या, म्हणून मीही वापरते.

तर गोष्ट सुरू होते न्यू यॉर्क शहरात, हार्लेम नावाच्या वस्तीत. तिथं काळ्या लोकांची मोठी वस्ती. ऑड्रीचे आईवडील वेस्ट इंडीजच्या बेटांवरून पोट भरायला इथं आलेले. तीन मुली, त्यात ऑड्री धाकटी. नजर इतकी अधू, की जाड भिंगांचा चष्मा लावल्याशिवाय काही दिसायचं नाही. आणि चार वर्षांची होईपर्यंत पोर बोलायचीच नाही.

एकदा वाचनालयात तिनं भोकाड पसरलं होतं. तिथल्या ग्रंथपाल ऑगस्टा बेकर यांनी तिला जवळ घेतलं आणि चित्रांची पुस्तकं वाचून दाखवली. पोर गप्प झाली. एकामागून एक गोष्टी ऐकत राहिली आणि गोष्टी संपल्यावर तिनं सांगितलं, मला वाचायचंय. ती बोलायला आणि वाचायला एकाच वेळी शिकली. एका परक्या बाईनं थोडा वेळ दिला, आणि त्या मुलीचं तोंड उघडलं. ऑड्रीनं हे ऋण पुढं लिहून ठेवलं आहे.

लहानपणीच तिनं आणखी एक गंमत केली. इंग्रजीत तिच्या नावाच्या शेवटी एक अक्षर होतं, त्याचं शेपूट रेघेच्या खाली लोंबायचं. ते तिला आवडेना. तिनं ते अक्षरच काढून टाकलं. आपलं नाव कसं लिहायचं हे आपण ठरवायचं, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

आता तिच्या आईबद्दल सांगते, कारण ही आई तुम्हाला ओळखीची वाटेल. करारी बाई. बाजारहाट, घर, तीन मुली, सगळं एकहाती सांभाळणारी. रस्त्यानं मायलेकी चालल्या की कधीकधी गोरी माणसं त्यांच्या अंगावर थुंकायची. आई पदर पुसावा तसा मुलीचा कोट पुसायची आणि कुरकुरायची, की लोकांना रीत म्हणून नाही, वाऱ्यावर कुठंही थुंकतात. पोरीला वाटायचं, खरंच वाऱ्यानं उडालं. ते मुद्दाम थुंकणं होतं हे तिला फार वर्षांनी उमगलं.

ऑड्री आठवी पास झाली तेव्हा सगळं घर आगगाडीनं राजधानी वॉशिंग्टन बघायला निघालं. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन चार जुलैला असतो, तो बघायचा होता. आईनं घरून भरपूर शिदोरी बांधून घेतली. ऑड्रीला गाडीतल्या खाणावळीत जेवायचं होतं. आई म्हणाली, तिथलं महाग असतं. तिथं काळ्यांना बसूच देत नाहीत, हे आईनं सांगितलं नाही. राजधानीत पोचल्यावर उन्हाचं सगळे आइस्क्रीम खायला एका दुकानात शिरले. वाढणारीनं हलक्या आवाजात सांगितलं, बाहेर नेऊन खायचं असेल तर देते, इथं बसून खाता येणार नाही. घरचे सगळे उठले आणि मान वर करून, एक शब्द न बोलता बाहेर पडले. पोरगी विचारत राहिली, का म्हणून? आपण काय केलं? कुणी उत्तर दिलं नाही. जणू काही झालंच नव्हतं. शेवटी तिनं एकटीनं ठरवलं, की देशाच्या राष्ट्राध्यक्षांनाच तक्रारीचं पत्र लिहायचं.

चहाच्या वेगळ्या कपांची आठवण ज्यांच्या घरात अजून ताजी आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको.

मैत्रिणींनो, त्या आईला दोष देऊ नका. लेकीला दुखू नये म्हणून ती गप्प राहिली. आपल्या आयाही अशाच गप्प राहिल्या. डोळ्याला लागलेलं झाकायला 'दार लागलं' म्हणाल्या. आपल्यापैकीही किती जणी तेच म्हणतात. पण त्या गप्प बसण्यामुळं थुंकणारा थांबला का? नाही. उलट मुलीला एवढंच वाटत राहिलं, की आपल्यातच काहीतरी खोट आहे. जे घडतंय त्याला नाव मिळालं नाही, तर मूल त्याचा दोष स्वतःवर घेतं. ऑड्री लॉर्ड यांचं पुढचं सगळं काम या एका जागेवरून सुरू झालं.

बोलणं जड जायचं तेव्हा ती कवितांचा आधार घ्यायची. तिला ढीगभर कविता पाठ होत्या. कुणी विचारलं, कशी आहेस, काय झालं, तर ती एखादी कविता म्हणून दाखवायची. त्या कवितेत कुठंतरी तिचं उत्तर दडलेलं असायचं. आपल्याकडं मनातलं सांगता येईना की बाया जात्यावर ओवी घालायच्या, तसंच काहीसं. मग बारा-तेरा वर्षांची असताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला वाटतं ते सांगणारी कविता कुठंच सापडत नाही. तेव्हा ती स्वतः लिहू लागली. शाळेच्या अंकानं तिची एक कविता नाकारली. तीच कविता देशभर खपणाऱ्या, मुलींच्या एका मासिकानं छापली. तेव्हा ती शाळेतच होती.

कवितेनं पोट भरत नाही, हे तिथंही खरंच. शाळा संपल्यावर घराबाहेर पडून तिनं मिळेल ते काम केलं. कारखान्यात क्ष-किरणांच्या यंत्रावर उभी राहिली. काम करत करत शिकली. १९५९ साली पदवी घेतली, १९६१ साली ग्रंथपालाची पदवी घेतली आणि वाचनालयात नोकरीला लागली. लहानपणी वाचनालयानंच तिला बोलतं केलं होतं, आता तीही दुसऱ्यांना पुस्तकं देऊ लागली. लग्न झालं, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. कविता रात्री, मुलं झोपल्यावर.

१९६८ साली दोन गोष्टी घडल्या. पहिलं पुस्तक छापून आलं, आणि मिसिसिपी राज्यातल्या टूगालू कॉलेजनं सहा आठवड्यांसाठी कविता शिकवायला बोलावलं. मिसिसिपी म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग, काळ्यांवर सगळ्यात जास्त अत्याचार झाले त्यांपैकी एक. मुलं काळी, हुशार आणि चिडलेली. त्याआधी तिनं कधी शिकवलं नव्हतं. पोरं लहान, घर न्यू यॉर्कला, मनात धाकधूक. तरी गेली. आणि त्या सहा आठवड्यांत तिला कळलं, की आपलं काम हेच.

इथून पुढं मी तिला ऑड्रीबाई म्हणते, आपण शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं.

न्यू यॉर्कला परत आल्यावर ऑड्रीबाई सरकारी कॉलेजांत शिकवू लागल्या. गरीब वस्तीतली, शाळेत मागं पडलेली मुलं त्यांच्या वर्गात होती. त्या मुलांना व्याकरण शिकवता शिकवता आपणही नव्यानं शिकलो, असं त्यांनी सांगितलं आहे. पुढं त्या जॉन जे कॉलेजात गेल्या. हे कॉलेज पोलिसांचं. पोलीस खात्यातली माणसं तिथं पदवीसाठी येत. वस्तीतली काळी मुलंही येत. जी माणसं रस्त्यात एकमेकांसमोर उभी ठाकायची, ती एका वर्गात, आणि समोर फळ्याशी ऑड्रीबाई. वर्णभेद म्हणजे काय, तो कुठून येतो, हे त्या तिथं शिकवत होत्या.

याच काळात, १९७३ साली, न्यू यॉर्कमध्ये एका गोऱ्या पोलिसानं क्लिफर्ड ग्लोव्हर नावाच्या दहा वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घातली. मुलगा सावत्र वडिलांबरोबर सकाळी कामावर चालला होता. खटला चालला. तिकडं निकाल बारा पंच देतात. त्या बारांत अकरा पुरुष, सगळे गोरे, आणि एक काळी बाई. १९७४ साली पोलिसाला निर्दोष सोडलं. ऑड्रीबाई गाडी चालवत होत्या, तेव्हा ही बातमी त्यांच्या कानावर पडली. संतापानं हात कापू लागले. त्यांनी गाडी कडेला घेतली, वही काढली आणि लिहायला लागल्या. अपघात होऊ नये म्हणून थांबले आणि लिहिलं, असं त्या म्हणायच्या. त्या कवितेत पोलीस आहे, मेलेलं लेकरू आहे, आणि ती एकटी काळी बाईही आहे. अकरा पुरुषांच्या मध्ये बसलेली, शेवटी मान डोलावणारी. ऑड्रीबाईंना तिचा राग आला, आणि तिची अवस्थाही कळली. ग्रामसभेत अकरा पुरुषांच्यात एकटी बसून जिनं कधी सही केली आहे, तिलाही ती कळेल. एकटीचा आवाज दाबला जातो. म्हणून दुसरी बाई शेजारी असावी लागते.

शेजारी उभं राहणं म्हणजे काय, याचा एक छान दाखला आहे. त्याच १९७४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पुस्तक पुरस्कारासाठी तीन कवयित्रींची नावं पुढं आली. ॲड्रिएन रिच, ॲलिस वॉकर आणि आपल्या ऑड्रीबाई. रिच गोऱ्या, बाकी दोघी काळ्या. तिघींनी आधीच बसून ठरवलं, की तिघींपैकी कुणालाही मिळाला तरी तो एकटीचा मानायचा नाही. पुरस्कार रिच यांना मिळाला. त्यांनी व्यासपीठावर जाऊन तिघींनी मिळून लिहिलेलं निवेदन वाचलं आणि सगळ्या बायकांच्या वतीनं, ज्यांचा आवाज कधी ऐकू आलाच नाही त्यांच्याही वतीनं, तो स्वीकारला. बक्षिसासाठी बायकांना एकमेकींसमोर उभं करणं ही जुनी चाल. तिघींनी ती चालू दिली नाही.

आता एक अशी गोष्ट सांगते, जी आपण सहसा उघड बोलत नाही. ऑड्रीबाईंचं प्रेम बायकांवर होतं. १९७० साली नवऱ्यापासून घटस्फोट झाला. त्यानंतर त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारीण फ्रान्सिस क्लेटन यांनी मिळून दोन्ही मुलं वाढवली. त्या काळात हे लपवून ठेवायची रीत होती, नोकरी जायची भीती होती. १९७३ च्या त्यांच्या पुस्तकात एका बाईवरच्या प्रेमाची कविता घ्यायला प्रकाशक तयार झाले नाहीत. पुढं ती एका मासिकात छापून आली, तेव्हा बाईंनी ते पान फाडलं आणि कॉलेजात आपल्या विभागाच्या भिंतीवर चिकटवलं. लोकांनी पाठीमागं कुजबुजण्यापेक्षा समोर वाचलेलं बरं. मी लपवलं तर ते माझ्याविरुद्ध वापरता येईल, मीच सांगितलं तर कसं वापरणार, असा त्यांचा हिशेब होता.

म्हणूनच त्या कुठंही बोलायला उभ्या राहिल्या की आधी आपली सगळी ओळख सांगायच्या. मी काळी आहे, बाईवर प्रेम करणारी आहे, आई आहे, लढणारी आहे, कवी आहे. एकही तुकडा गाळायच्या नाहीत. काळ्यांच्या चळवळीत लोक म्हणत, बाईपणाचं नंतर बघू. बायकांच्या चळवळीत गोऱ्या बाया म्हणत, रंगाचं नंतर बघू. ऑड्रीबाई म्हणत, मी तुकड्या-तुकड्यानं जगत नाही.

१९७९ साली न्यू यॉर्कमध्ये बायकांच्या प्रश्नावर एक मोठी परिषद भरली. बोलणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोऱ्या. ऑड्रीबाईंनी उभं राहून त्यांना सुनावलं. तुम्ही इथं बाईच्या मुक्तीवर बोलताय, तोवर तुमचं घर कोण झाडतंय, तुमची मुलं कोण सांभाळतंय, ती बाई कोण आहे, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी विचारला. ती बाई गरीब होती आणि बहुतेक काळी होती. सभेला हा प्रश्न झोंबला. आपल्यालाही झोंबायला हवा. गटाच्या बैठकीला कोण येऊ शकतं? जिच्या घरी दुसरी कुणीतरी गुरांचं बघते ती. जिला रोजाला जावं लागतं ती येत नाही, आणि आपण म्हणतो, तिला गटात रस नाही. पाण्यासाठी लांब जाणारी, एकटी राहणारी, गावकुसाजवळच्या वस्तीतली, यांची नावं आपल्या वहीत आहेत का? सगळ्या बाया सारख्या, असं म्हणून फरक झाकू नये, हे ऑड्रीबाईंचं मोठं शिकवणं आहे. फरक मान्य करूनच एक होता येतं.

आता मी सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडं येते. जवळ मुली असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

१९७७ साली ऑड्रीबाईंच्या स्तनात गाठ लागली. वय त्रेचाळीस. डॉक्टरांनी सांगितलं, कर्करोगाची शक्यता जास्त आहे, शस्त्रक्रिया करून बघावं लागेल. मध्ये तीन आठवडे वाट बघायची होती. त्या तीन आठवड्यांत त्यांनी आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला. कशाचं वाईट वाटतं? बोललो त्याचं फारसं नाही. जे बोलायला हवं होतं आणि भीतीनं गिळलं, त्याचं वाटतं. आणि भीती कशाची होती? दुखेल, लोक काय म्हणतील, मरण येईल. पण गप्प राहूनही दुखलंच की. गप्प राहूनही मरण येणारच आहे. ती गाठ साधी निघाली. पण बाई बदलल्या. शिकागोला विद्वानांच्या एका सभेत त्यांनी हे सगळं उघड सांगितलं. भीती जायची वाट बघत बसलो तर जन्म जाईल, भीत भीत का होईना पण बोलायला लागा, असा त्या सांगण्याचा मथितार्थ.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, दुसरी गाठ आली. ती कर्करोगाचीच निघाली. उजवा स्तन काढावा लागला.

दवाखान्यात एक समाजसेविका भेटायला आली. भली बाई. तिनं लोकरीची एक गादी आणली होती, कपड्यात आत ठेवायला, म्हणजे कुणाला काही कळणार नाही. रंग फिकट गुलाबी, गोऱ्या कातडीचा. ऑड्रीबाईंनी ती लावून बघितली आणि आरशात पाहिलं. ते आपलं अंग वाटेना. त्यांनी काढून ठेवली. काही दिवसांनी त्या छान कपडे, छान कानातलं घालून डॉक्टरांकडं गेल्या. तिथल्या नर्सनं टोकलं, की असं येत जाऊ नका, ती गादी लावून येत जा, इतर रुग्णांचं मन खचतं. बाईंना संताप आला. त्यांनी लिहिलं, की इस्रायलचे मोशे दायान लढाईत डोळा गमावून काळी पट्टी बांधून जगभर फिरतात, त्यांना कुणी म्हणत नाही की काचेचा डोळा लावा, आमचं मन खचतं. उलट त्यांना वीर म्हणतात. मग बाईच्या जखमेचीच लाज का?

जिला तसं काही वापरायचं असेल तिनं खुशाल वापरावं. बाई एवढंच म्हणत होत्या, की ते तिनं ठरवावं. आणि दुसरं असं, की सगळ्या जणींनी झाकून घेतलं, तर या दुखण्यातून गेलेल्या बाया एकमेकींना ओळखणार कशा? शेजारच्या बाकावर बसलेलीला धीर कोण देणार? १९८० साली त्यांनी या दिवसांवर पुस्तक लिहिलं, 'द कॅन्सर जर्नल्स'. रोजनिशीतली पानं आहेत त्यात. रडणं आहे, भीती आहे, मैत्रिणींनी आणलेलं खाणं आहे. त्या काळी या दुखण्याबद्दल इतकं उघड लिहिणाऱ्या बाया फार थोड्या होत्या.

मैत्रिणींनो, आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो. आणि आपण काय करतो? गाठ हाताला लागते. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. मग म्हणतो, सुगी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे. पुरुष डॉक्टरला कसं दाखवायचं? नवऱ्याला कसं सांगायचं? सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ऑड्रीबाईंची पहिली गाठही नव्हती. पण ते दाखवल्यावरच कळतं. गाठ, कातडीला पडलेली खळी, बोंडातून येणारं पाणी किंवा रक्त, बोंड आत ओढलं जाणं, यातलं काहीही दिसलं तर दुखण्याची वाट बघू नका. तिशीच्या पुढच्या बायकांसाठी स्तनाची, गर्भाशयाच्या तोंडाची आणि मुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करायचा कार्यक्रम आहे. आशाताईंना विचारा. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांना प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं. तपासलेल्यांपैकी ज्यांनी पन्नाशी गाठली होती, त्यांच्यात या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मोठं यंत्र नव्हतं. बाईचा शिकलेला हात होता, आणि तपासून घ्यायला तयार झालेली बाई होती.

ऑड्रीबाई त्या आजारानंतर चौदा वर्षं जगल्या, आणि कशा जगल्या बघा. १९८० साली त्यांनी आणि बार्बरा स्मिथ यांनी काही मैत्रिणींबरोबर प्रकाशन संस्था काढली. काळ्या आणि इतर गोरेतर बायकांचं लिखाण कुणी छापत नव्हतं, ते छापायला. नाव काय ठेवलं? 'किचन टेबल'. स्वयंपाकघरातलं टेबल. आपण म्हणू, चुलीपुढची जागा. कारण बाया मनातलं बोलतात ते तिथंच.

१९८१ पासून त्या हंटर कॉलेजात शिकवू लागल्या. याच कॉलेजात त्या स्वतः शिकल्या होत्या. १९८४ साली त्या जर्मनीत बर्लिनच्या विद्यापीठात शिकवायला गेल्या. तिथं त्यांना काही काळ्या जर्मन तरुणी भेटल्या. कुणी आई गोरी आणि बाप काळा अशी, प्रत्येक जण आपल्या गावात एकटी वाढलेली, आपण कोण याला नावच नसलेली. बाईंनी त्यांना सांगितलं, एकमेकींना शोधा, एकमेकींशी बोला आणि लिहा. दोन वर्षांत त्या मुलींनी आपल्या आयुष्यांचं पुस्तक काढलं, स्वतःला नाव दिलं आणि संघटना उभी केली. आजही जर्मनीतल्या काळ्या बायका ऑड्रीबाईंचं नाव घेतात. शिक्षिकेचं काम ते हेच. आपलं बोलणं दुसरीच्या तोंडी घालायचं नाही, तिचं तिला सापडेल अशी जागा करून द्यायची.

१९८४ मध्येच कळलं होतं, की रोग यकृतात पसरला आहे. तरी लिहिणं, शिकवणं, फिरणं चालू राहिलं. शेवटची वर्षं त्या कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर राहिल्या. १९९१ साली न्यू यॉर्क राज्यानं त्यांना राज्यकवीचा मान दिला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई आणि पहिल्या काळ्या कवी. १७ नोव्हेंबर १९९२ ला त्या गेल्या. जाण्याआधी त्यांनी एका समारंभात आफ्रिकी नाव घेतलं होतं, गाम्बा अदिसा. त्याचा अर्थ, आपलं म्हणणं समोरच्याला कळेल असं सांगणारी लढवय्यी. चार वर्षांची होईपर्यंत जी बोलली नाही, तिनं शेवटी हे नाव घेतलं.

शेवटी एक काम सांगते. बोला म्हणजे उद्याच चावडीवर जाऊन ओरडा, असं मी म्हणत नाही. मारझोड होते त्या घरात तोंड उघडणं किती धोक्याचं, हे मला माहीत आहे. तिथं आधी जीव सांभाळायचा, भरवशाची एक बाई गाठायची, गरज पडली तर १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक लावायचा. ऑड्रीबाईंनाही भीती होतीच. त्यांनी भीती मान्य केली आणि सोबतीण शोधली.

तर पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, वह्या मिटल्या, की दहा मिनिटं ठेवा. एकेकीनं एवढंच सांगायचं, की मी कुणाला न सांगितलेली एक गोष्ट आहे, आणि ती मी आज सांगणार किंवा नाही सांगणार. नाही म्हणणारीवर जोर नको. आज नाही तर सहा महिन्यांनी बोलेल. आणि एखादीनं सांगितलंच, की ताई, मला इथं गाठ लागते, तर तिला एकटीला सोडू नका. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी मिळून तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात जा. त्या दिवसाचा एस.टी.चा खर्च गटाच्या वहीत लिहा. इतका कारणी लागलेला खर्च दुसरा नसेल.